प्रसूतीच्या कळा आणि वेदनाशमन : पहिल्या बाळंतपणापूर्वी काय ठरवून ठेवावे?

विश्वामित्री

नमस्कार. पहिल्या बाळंतपणासाठी मी पुण्याहून बडोद्याला माहेरी आले आहे. आठवा महिना संपत आला असून दिवस ऐन नवरात्रात भरतात. आतापर्यंतच्या तपासण्यांमध्ये बाळाची वाढ, त्याची स्थिती आणि माझा रक्तदाब हे सारे व्यवस्थित आहे. चौथ्या महिन्यापासून रोज रात्री इकोस्प्रिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅस्पिरिनची, 75 मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. लोह आणि कॅल्शियम सोडले तर दुसरे औषध नाही.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले की कळा सुरू झाल्यावर एपिड्युरल, म्हणजे कमरेत नळी घालून दिले जाणारे वेदनाशामक औषध, घेण्याची तुमची इच्छा आहे का, आणि मला काही उत्तर देता आले नाही. घरी विषय काढला तेव्हा प्रत्येकाचे मत वेगळे निघाले. आईच्या मते कळा सोसण्याची ताकद स्त्रीला उपजतच असते आणि औषधाने त्या दाबल्या की बाळंतपण अडते. सासूबाईंनी फोनवर बजावले की कमरेत सुई घेतलेल्या बायका पुढे जन्मभर कंबर धरून बसतात. मावशीचे उदाहरण तर घरातलेच आहे : धाकट्याच्या वेळी तिचे सीझर झाले, तेव्हा पाठीत सुई देऊन भूल दिली होती आणि पाठदुखी तेव्हापासूनच आहे असे ती सांगते. यजमान म्हणतात की सोसायचे तुला आहे, तेव्हा निर्णयही तूच घ्यावास. त्यांचे म्हणणे मला पटते, परंतु निर्णय घ्यायचा तर पुरेशी माहिती हवी आणि ती मिळवण्यासाठीच येथे लिहीत आहे.

एपिड्युरलमुळे सीझरची शक्यता वाढते का, पाठदुखी खरोखर मागे लागते का आणि बाळावर काही परिणाम होतो का, हे मला नेमकेपणाने जाणून घ्यायचे आहे. एपिड्युरल न घेता कळा सुसह्य करण्याचे जे उपाय सांगितले जातात त्यांचा प्रत्यक्षात कितपत उपयोग होतो, हेही ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे. मी घाबरट आहे असे मला वाटत नाही. मात्र त्या वेळी काय चालले आहे हे कळत नसताना कोणीतरी कागद पुढे करावा आणि मी सही करावी, असे व्हायला नको आहे.

निवृत्त भूलतज्ज्ञ

मी बडोद्यातील वेगवेगळ्या प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. तुमचा प्रश्न फार योग्य वेळी आला आहे, कारण या विषयावरचे बोलणे आठव्या-नवव्या महिन्यातच व्हायला हवे. कळा जोरात सुरू झाल्यावर दोन मिनिटांच्या उसंतीत कोणालाही काही समजावून घेता येत नाही.

प्रथम वेदना कोठून येतात ते पाहू. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे आकुंचन होते आणि पिशवीचे तोंड ताणले जाऊन उघडत जाते. या वेदना पाठीच्या खालच्या मणक्यांजवळून मज्जारज्जूत शिरणाऱ्या नसांमधून मेंदूकडे जातात आणि म्हणून त्या पोटाइतक्याच कमरेतही जाणवतात. बाळ खाली सरकू लागले की योनिमार्ग आणि त्याभोवतीचा भाग ताणला जातो. या वेदनेच्या नसा माकडहाडाच्या वरच्या, त्रिकास्थीच्या पातळीवरून जातात. एपिड्युरलमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत औषध सोडून या नसांचा संदेश वाटेतच सौम्य करतात. गर्भाशयाचे आकुंचन चालूच राहते, त्यामुळे कळा दाबल्या जातात ही तुमच्या आईची भीती समजण्यासारखी असली तरी प्रत्यक्षात तसे घडत नाही.

पद्धत अशी असते. हाताला सलाइन लावलेले असते. तुम्हाला बसवून किंवा कुशीवर निजवून पाठ बाहेर काढायला सांगतात, कमरेवरची त्वचा आधी छोट्या इंजेक्शनाने बधिर करतात आणि दोन मणक्यांच्या मधून सुई पोकळीपर्यंत नेतात. सुईतून बारीक, मऊ नळी आत सरकवली की सुई काढून घेतात; पाठीत राहते ती फक्त नळी. या वेळी अगदी स्थिर राहावे लागते, म्हणून कळ येताना दिसली तर तसे लगेच सांगावे, डॉक्टर थांबतात. औषध दिल्यावर साधारण 15 ते 20 मिनिटांत आराम पडू लागतो. आजकाल ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध अगदी सौम्य प्रमाणात, बहुधा फेंटानिल या वेदनाशामकाच्या थोड्या मात्रेबरोबर देतात. त्यामुळे पाय हलतात, पोट कडक होत असल्याचे जाणवते आणि शेवटी जोरही देता येतो.

आता तुमच्या शंकांकडे वळते. सीझरच्या बाबतीत 2018 साली प्रसिद्ध झालेला कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा पाहावा. त्यात 40 चाचण्यांमधील 11,000 हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली आणि एपिड्युरलमुळे सीझरचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. दीर्घकालीन पाठदुखीतही फरक दिसला नाही. बाळाला बाहेर काढण्यासाठी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याचे प्रमाण जुन्या चाचण्यांत वाढलेले दिसले, पण 2005 नंतरच्या चाचण्यांत, म्हणजे औषध सौम्य प्रमाणात देऊ लागल्यावरच्या काळात, तसे आढळले नाही. जोर देण्याचा टप्पा मात्र काहीसा लांबू शकतो आणि त्याची मनाची तयारी असावी.

तुमच्या मावशींच्या पाठदुखीबद्दल न तपासता मत देणे योग्य होणार नाही. एवढे मात्र सांगता येते की सीझरसाठी बहुधा दिली जाते ती स्पायनल भूल, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात एकदाच दिलेले इंजेक्शन, आणि ती एपिड्युरलहून निराळी असते. सुई टोचली तेथे काही दिवस दुखरेपणा राहतो, हे खरे आहे. परंतु गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे सुटलेले स्नायू, वाकून बाळ उचलणे आणि मान खाली घालून तासन्‌तास पाजणे ही पाठदुखीची कारणे सुई न घेतलेल्या बाळंतिणीलाही लागू पडतात.

दुष्परिणाम नाहीत असे मी म्हणणार नाही. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून सुरुवातीला तो दर काही मिनिटांनी मोजतात आणि बाळाच्या हृदयाचे ठोकेही पाहतात. अंगाला खाज सुटणे, थंडी वाजून थरथरणे, थोडा ताप येणे आणि लघवीची जाणीव न झाल्यामुळे नळी घालावी लागणे हे बऱ्यापैकी आढळते. साधारण 100 स्त्रियांमागे एकीला सुईने आतील आवरणास छिद्र पडल्यामुळे तीव्र डोकेदुखी होते. ती उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. तिच्यावर उपचार आहेत, परंतु ती अंगावर काढू नये, रुग्णालयाला कळवावे. साधारण आठ-दहा स्त्रियांमागे एखादीला एका बाजूलाच आराम पडतो किंवा मधला एखादा पट्टा दुखतच राहतो. तेव्हा नळी थोडी मागे घ्यावी लागते किंवा नव्याने घालावी लागते. नसेला कायमची इजा होणे अत्यंत विरळ असते.

कमी मात्रेतील इकोस्प्रिन एकट्याने अडथळा ठरत नाही. रक्त पातळ करणारी हेपरिनसारखी इंजेक्शने चालू असतील तर मात्र शेवटच्या मात्रेनंतर ठरावीक अंतर ठेवावे लागते. त्यांपैकीच एक असलेल्या एनॉक्सापॅरिनच्या नेहमीच्या कमी मात्रेनंतर ते 12 तासांचे असते. नवव्या महिन्यातील रक्ततपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, किती आहेत ते स्वतः पाहून ठेवावे. त्या 70,000 च्या खाली असतील तर बहुतेक भूलतज्ज्ञ एपिड्युरल टाळतात. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, कणा वाकडा असेल किंवा पूर्वी कधी भुलीचा त्रास झाला असेल, तर तेही आधीच सांगावे.

आणखी एक समज आपल्याकडे फार आढळतो. तोंड इतके-इतके उघडल्याशिवाय एपिड्युरल देता येत नाही, असे नातेवाइकांना वाटते. कळा खऱ्या असतील आणि स्त्रीने मागितले असेल तर सेंटिमीटर मोजत तिला ताटकळत ठेवण्याचे कारण नसते.

दांडिया बाजार

वरच्या प्रतिसादातील प्रत्येक शब्द मोलाचा आहे. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझी दोन्ही बाळंतपणे एपिड्युरलशिवाय झाली, म्हणून दुसऱ्या बाजूविषयी लिहिते. औषध घेणाऱ्या स्त्रीपेक्षा मी अधिक धीराची आहे असा माझा मुळीच दावा नाही. पहिल्या वेळी कळा टप्प्याटप्प्याने वाढल्या, बाळाची मान खाली आणि पाठ पुढे होती आणि माझी मोठी बहीण पूर्ण वेळ जवळ होती. या तीन गोष्टी मिळून आल्या म्हणून मला ते जमले, आणि त्यांपैकी पहिल्या दोन कोणाच्याच हातात नसतात.

तिसरी मात्र आपल्या हातात असते आणि सोबतीचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडेच आहे. प्रसूतीत सतत जवळ राहून आधार देणारी व्यक्ती असेल तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि वेदनाशामक औषधांची गरज घटते, हे 15,000 हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांमधून दिसून आले आहे. सोबत म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून फोनवर नातेवाइकांना खबरी देणे नव्हे. माझी बहीण प्रत्येक कळेला तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरचा भाग घट्ट दाबून धरत असे आणि कळ ओसरली की हात सैल सोडत असे. ज्यांना कळा पोटापेक्षा कमरेत जास्त येतात त्यांना या दाबाने खूप आराम पडतो. दाब किती हवा आणि नेमका कोठे हवा हे आधी घरी करून पाहिले पाहिजे. चोळणे नकोसे वाटले तर तसे स्पष्ट सांगावे. पहिल्या टप्प्याच्या शेवटी अनेकींना अंगाला हात लावलेलाही सहन होत नाही आणि त्यात वावगे काही नसते.

उताणे पडून राहू नये. डॉक्टरांची हरकत नसेल तर चालावे, भिंतीला किंवा सोबतच्या व्यक्तीच्या खांद्याला टेकून पुढे झुकावे, मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवावी, थकवा आला की गुडघ्यांमध्ये उशी घेऊन डाव्या कुशीवर पडावे. कमरेवर गरम पाण्याचा शेक आणि शक्य असल्यास कोमट पाण्याची अंघोळ यांनीही वेळ निभावतो. श्वासासाठी कोणतीही अवघड पद्धत लागत नाही. नाकातून सावकाश आत घ्यावा आणि तोंडातून अधिक सावकाश सोडावा, खांदे आणि जबडा सैल ठेवावा. कळ चढताना दात आवळले की सारे अंग आवळते. हे आजपासून रोज झोपण्यापूर्वी करीत राहिलात तर त्या दिवशी आठवावे लागणार नाही. चालण्यासाठी सकाळी सयाजीबागेसारखी जागा नाही, मात्र जोडीला कोणी असू द्यावे.

हे उपाय वेदना घालवत नाहीत, ती पेलायला मदत करतात. सुरुवातीच्या काळात त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. कळा वाढवण्यासाठी औषधाचे सलाइन लावले गेले तर वेदना फार वेगाने चढू शकतात, अशा वेळी मनातील योजना बदलून एपिड्युरल मागणे हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय असतो.

सुरसागर

प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे दोनच गोष्टींची भर घालते. कळा चालू असताना दिली जाणारी सगळी इंजेक्शने वेदनाशामक नसतात. ड्रोटाव्हेरिन किंवा बस्कोपानचे इंजेक्शन पिशवीचे तोंड सैल व्हावे म्हणून देतात. ते घेऊनही दुखते आहे म्हणजे औषध लागू पडत नाही, असे समजून घरचे उगाच घाबरतात. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीन देण्याची पद्धत आहे. त्यांनी गुंगी येते आणि वेदनेची धार कमी होते, पण आराम एपिड्युरलइतका नसतो, मळमळ होते, आणि पेथिडीन प्रसूतीच्या थोडेच आधी दिले गेले तर बाळ सुस्त होऊ शकते व त्याच्या श्वासाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. काही रुग्णालयांत नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मुखवट्यातून देण्याची सोय असते. कळ येते आहे असे वाटताच ते ओढायला सुरुवात करावी लागते, कारण परिणाम व्हायला सुमारे अर्धे मिनिट लागते. मुखवटा स्वतःच्याच हातात धरायचा असतो.

सोबतीविषयी : केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक नातेवाईक स्त्री सोबत ठेवण्यास परवानगी देणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि पुरेसा आडोसा असेल तेथे पतीलाही थांबता येते. सर सयाजीराव रुग्णालयात किंवा अन्य सरकारी रुग्णालयात नाव घातले असेल तरी याविषयी आधी जाऊन विचारावे. खासगी ठिकाणचे नियम ज्याचे त्याचे असतात.

रावपुऱ्यातील आजी

बाळा, तुला एकेरीच हाक मारते. माझी बाळंतपणे झाली तेव्हा असे काही विचारण्याची सोयच नव्हती. सुईण किंवा नर्स सांगेल ते करायचे, ओरडले तर गप्प बसवले जायचे. आम्ही सोसले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून सोसले, आणि त्याचे गोडवे गाऊन सुनांवर-लेकींवर ओझे टाकावे असे मला कधी वाटले नाही. माझ्या नातसुनेने एपिड्युरल घेतले. बाळ जन्मले तेव्हा ती शुद्धीत होती, बोलत होती, आणि तासाभरात तिने त्याला पाजलेही.

तुझ्या आईला आणि सासूबाईंना दोष देऊ नकोस. त्या भीतीपोटी बोलत आहेत. पुढच्या तपासणीला आईला बरोबर घेऊन जा आणि तिची शंका तिलाच डॉक्टरांना विचारू दे. मुलीने सांगितलेले आईला पटत नाही, तेच डॉक्टरांनी सांगितले की पटते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आणि दिवस भरत आले की कोणी प्रेमाने एरंडेल प्यायला सांगेल, ते घेऊ नकोस. जुलाब आणि उलट्यांनी अंगातले त्राण जाते, आणि नेमके तेच त्या दिवशी लागते.

विश्वामित्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला हा सगळा मजकूर वाचून दाखवला आणि ती पुढच्या तपासणीला येण्यास तयार झाली आहे. कमरेवर दाब कसा द्यायचा हेही तिने दांडिया बाजार यांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावून समजून घेतले. माझा कल असा होत आहे की सुरुवातीचा काळ चालणे, शेक आणि सोबत यांवर काढावा आणि एपिड्युरलचा मार्ग मोकळा ठेवावा. एक शंका उरते. आमचे प्रसूतिगृह लहान आहे आणि भूलतज्ज्ञ तेथे पूर्ण वेळ नसतात, बोलावल्यावर येतात. रात्री कळा सुरू झाल्या, त्यातून नवरात्र असले, तर काय करावे? आणि एपिड्युरल चालू असताना सीझरची वेळ आलीच तर पुन्हा वेगळी भूल द्यावी लागते का?

निवृत्त भूलतज्ज्ञ

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते. नळी नीट काम करीत असेल तर तिच्यातूनच अधिक तीव्र औषध देऊन सीझर करता येते आणि बहुधा तसेच करतात. ज्यांच्या बाबतीत सीझरची शक्यता आधीपासूनच अधिक असते, उदाहरणार्थ जुळी असतील किंवा रक्तदाब वाढलेला असेल, त्यांना नळी लवकर घालून ठेवण्याचा सल्ला देण्यामागे हेही एक कारण असते.

पहिली शंका अधिक महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर प्रसूतिगृहाकडूनच मिळवले पाहिजे. एपिड्युरलची सोय आहे का, एवढेच विचारून थांबू नये. रात्री दोन वाजता मागितले तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात, नळी घातल्यावर ते प्रसूती होईपर्यंत थांबतात की पुढच्या मात्रा दुसरे कोणी देते, देणाऱ्याला त्याचे प्रशिक्षण आहे का, रक्तदाब आणि बाळाचे ठोके कोण पाहते, आणि खर्च एकरकमी असतो की तासांवर, हे सारे विचारावे. देखरेख करणारे कोणी नसेल तर एपिड्युरल न घेणेच बरे, आणि मग तुमची इच्छा पक्की असल्यास ज्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ चोवीस तास उपस्थित असतात तेथे आताच नाव घालावे. बदल करायचा तर अजून वेळ आहे. तेथील डॉक्टरांनाही तुमचे कागद एकदा शांतपणे पाहता आले पाहिजेत.

नवरात्रात रात्री आपल्याकडे गरब्याच्या मैदानांभोवतीचे रस्ते किती तुंबतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरापासून रुग्णालयापर्यंतचे दोन मार्ग यजमानांनी किंवा भावाने रात्रीच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवावेत. पहिलटकरणीला साधारण तासभर दर पाच मिनिटांनी नियमित कळा येत राहिल्या की निघावे असे सांगतात. तुम्ही त्या दिवसांत त्याहून थोडे आधीच निघावे आणि निघतानाच प्रसूतिगृहाला फोन करून भूलतज्ज्ञांना कळवायला सांगावे, म्हणजे तुम्ही पोहोचून तपासणी होईपर्यंत तेही वाटेवर असतील. पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न पाहता लगेच निघावे. गाडी मिळत नसेल तर 108 ला फोन करावा. प्लेटलेटचा ताजा अहवाल, चालू औषधांची यादी आणि इकोस्प्रिन शेवटची कधी घेतली त्याची नोंद फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवावी. गोळी केव्हा बंद करायची ते तुमच्या डॉक्टरांना याच भेटीत विचारून घ्या.